जीपचा जीर्णोद्धार

माझ्या फाटकाशीं उभ्या असलेल्या जुन्या लष्करी जीपकडे पाहून लोक मला तीन प्रश्न विचारतात. "केवढ्याला पडली?" हा पहिला. "ॲव्हरेज काय देते?" हा दुसरा. "विकणार का?" हा तिसरा. पहिल्याचें खरें उत्तर मीं अद्याप घरांतही दिलेलें नाहीं. दुसऱ्याचें उत्तर लिटरला ७-८ किलोमीटर असें आहे, आणि तें ऐकून विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी अनुकंपा उमटते ती आतां माझ्या सवयीची झाली आहे. तिसऱ्या प्रश्नाला मी नुसता हंसतों. वस्तुतः विचारण्यासारखा प्रश्न चौथाच आहे, आणि तो मला आजवर माझ्या मिस्त्रींखेरीज दुसऱ्या कोणीं विचारला नाहीं. गाडी प्रथम त्यांच्या गॅरेजांत टेंपोवरून उतरविली तेव्हां तिच्याभोंवतीं एक फेरी मारून ते म्हणाले, "नवी करायची म्हणजे कोणत्या सालची नवी, सर?"

अश्विनीकुमारांनीं च्यवन ऋषींना पुन्हां तरुण केलें, अशी कथा आपण ऐकलेली आहे. पण तरुण म्हणजे नेमका किती वर्षांचा, हें कोणी ठरविलें याविषयीं कथाकार मौन पाळतात. विशीचा करावा, तर तिशींत मिळविलेलें शहाणपण जावयाचें. तिशीचा करावा, तर विशींतला उत्साह मुकावयाचा. जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करणाऱ्यासमोर हीच अडचण येते. माझे सहकारी गुलाब लावतात, तिकिटें जमवितात, एक तर घुबडांच्या मूर्ति जमवितात. त्यांच्या छंदांत हा पेंच नाहीं. माझ्या छंदाचें वजन मात्र ११०० किलोच्या आसपास आहे, आणि तो ज्या कामासाठीं जन्माला आला तें काम युद्ध होतें. त्यामुळें त्याला कोणत्या सालीं नेऊन उभा करावा हा प्रश्न रंगाच्या डब्यापुरता राहत नाहीं.

प्रथम या वाहनाची जन्मकथा सांगितली पाहिजे. १९४० सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांना एका लहानशा, चारही चाकांनीं ओढणाऱ्या गाडीची मागणी कळविली, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करण्याची अट घातली. बँटम नांवाच्या एका डबघाईस आलेल्या कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर रोजीं मेरीलंडमधील हॉलाबर्ड छावणींत नमुना उभा केला. मोठी मागणी पुरविण्याची ताकद मात्र तिच्यांत नाहीं असें ठरवून सैन्यानें पुढचें बहुतेक सारें काम विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांकडे सोंपविलें. बँटमच्या वांट्याला अडीच-तीन हजार गाड्या आल्या. इतर दोघांनीं मिळून युद्ध संपेपर्यंत ६ लाखांहून अधिक जीप केल्या. कल्पना एकाची आणि कीर्ति दुसऱ्याची, हा प्रकार साहित्याच्या प्रांतांतच घडतो असें मी तोंपर्यंत समजत होतों.

माझी जीप मला सातारा जिल्ह्यांत घाटमाथ्यावरच्या एका खेड्यांत, चिंचेखालीं सांपडली. तिच्या मागल्या बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि तिचीं पिल्लें बाहेर येईपर्यंत गाडी हलविण्यास मालकानें नकार दिला. म्हणून तीन आठवडे थांबावें लागलें. त्याच्या वडिलांनीं युद्धानंतर सैन्यानें निकालांत काढलेल्या मालाच्या लिलावांतून ती घेतली होती. चासीवरील क्रमांकावरून ती १९४४ सालची विलीज ठरली. युद्ध १९४५ सालीं संपलें. म्हणजे हिची लष्करी चाकरी फार तर एक-दोन वर्षांची. त्यानंतर ती दोन बाजारगांवांच्या दरम्यान वडाप म्हणून धांवली. चौघांसाठीं केलेल्या या गाडींतून चौदा माणसें, दुधाचे कॅन आणि एखादी शेळी एवढा संसार रोज घाट चढत असे. "आमच्या आईला दवाखान्यांत नेलं ह्याच गाडीतनं," मालक मला म्हणाला, "आणि माझी वरातही हिच्यातनंच निघाली." हें सांगतांना तो जीपकडे पाहत नव्हता, चिंचेकडे पाहत होता.

मिस्त्रींच्या दोन पोरांनीं पॉलिश पेपर घेऊन पत्रा घासावयास सुरुवात केली आणि जमिनीचे थर उलगडावे तसे रंगाचे थर उलगडूं लागले. सर्वांत वर पांढरा. तो एका निवडणुकीच्या प्रचारासाठीं लावलेला होता. त्याखालीं पिवळा, आणि त्यावर 'आईचा आशीर्वाद' हीं अर्धवट अक्षरें. त्याखालीं निळा. खेड्यांतल्या घरांच्या भिंतींना देतात तसा, नीळ अधिक झालेल्या चुन्यासारखा निळा. हा थर सर्वांत जाड होता, कारण मालकाच्या वडिलांनीं बावीस वर्षें गाडी चालविली आणि तेवढ्या काळांत तोच रंग तीन वेळां दिला. निळ्याखालीं तांबडें रेड ऑक्साइड. आणि त्याच्याही खालीं अखेर तो हिरवट-तपकिरी लष्करी रंग, व बॉनेटवर मित्रराष्ट्रांच्या सैन्याची पांढरी चांदणी. पांचांपैकीं तीन टोंकें शाबूत होतीं. हत्यारांच्या पेटीच्या तळाशीं वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. खंडेनवमीला नांगर, विळा आणि कोयता यांच्या रांगेंत ही परदेशी युद्धगाडीही पुजली जात असे, हें त्यावरून उमगलें. आपल्याकडे या दिवशीं शस्त्राची पूजा होते तशीच पोटाच्या साधनांचीही होते. हिला पूजा मिळाली ती दुसऱ्या अधिकारानें.

माझा पेशा शिकविण्याचा, आणि त्यामुळें प्रत्येक गोष्टींत ग्रंथ दिसण्याची खोड मला जडली आहे. मला तो पत्रा म्हणजे एक पोथीच वाटूं लागली. एकाच ओळीवर पांच लेखकांनीं आपापला पाठ लिहून ठेवलेला. आतां यांतला मूळ कोणता? पैठणच्या एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इसवी सन १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढें कोणीं तींत आपली ओवी मिसळूं नये असें बजावलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें केलें. तिथल्या पंडितांनीं जो पाठ सर्वांत प्राचीन ठरला तो वर छापला. पण इतर पाठभेद फेंकून दिले नाहींत. ते खालीं, बारीक टाइपांत, परंतु निष्ठेनें दिले. या दोन रीतींत माझा ओढा दुसरीकडे आहे. तथापि वर कोणता पाठ छापावा हा प्रश्न दोन्ही रीतींत उरतोच.

सर्वांत जुना पाठ घ्यावा असें म्हणणें सोपें आहे. तो आहे कोठें? मिस्त्रींनीं गाडी खोलली तेव्हां नवीच मौज दिसली. फोर्डच्या कारखान्यानें आपल्या जीपच्या बोल्टांच्या माथ्यावरसुद्धां इंग्रजी 'एफ' हें अक्षर उठविलेलें असे. माझ्या गाडीची चासी विलीजची. तिचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा आहे, फोर्डचा चौकोनी असतो. पण मागच्या धुऱ्याचे कित्येक बोल्ट 'एफ'चे निघाले आणि एक मडगार्डही फोर्डचें. हें गांवच्या वडापवाल्याचें काम नव्हतें, कारण त्या जोडांवरही तोच लष्करी रंग होता. सैन्याच्या दुरुस्तीखात्यानेंच दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत गाडी केली असली पाहिजे. आणि तसें करतां यावें म्हणूनच तर दोन्ही कारखान्यांकडून एकाच मापाचे भाग करवून घेतले होते. 'मूळ' या शब्दाची जी पूजा आम्ही छंदिष्ट लोक करतों, तिचा मान खुद्द लष्करानें १९४४ सालींही राखलेला नव्हता. त्याला शुद्ध जीप नको होती. चालणारी जीप हवी होती.

इंजिनाच्या बाबतींत मात्र मी हट्ट धरला. पेट्रोल परवडेना तेव्हां मधल्या एका मालकानें तीत डिझेल इंजिन बसविलें होतें, आणि त्यासाठीं पुढचे पाटे व इंजिनाचीं बेचकीं बदललीं होतीं. हिच्या जातीचें खरें इंजिन 'गो-डेव्हिल' नांवाचें, चार सिलिंडरांचें, सुमारें सव्वादोन लिटरांचें, ६० अश्वशक्तीचें. सुदैवानें महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून मुंबईंत ज्या नागरी विलीज जीप जोडण्यास आरंभ केला त्यांतही याच कुळांतलें इंजिन होतें. त्यामुळें त्याचे सांगाडे आपल्या भंगारबाजारांतून अजून अधूनमधून भेटतात. एक असाच भेटला. त्याचें बोअरिंग करून घेतलें, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, आणि कार्बुरेटर मिस्त्रींनीं एकट्यानें, दार लावून, जुळविला. त्यांच्या या विद्येचें पुस्तक नाहीं. इंजिन चालूं असतां लांब स्क्रूड्रायव्हरचें एक टोंक ब्लॉकला आणि दुसरें कानाला लावून ते ऐकतात, आणि रोग सांगतात. त्यांचीं मुलें मोबाइल दुरुस्त करतात. मीं एकदां त्यांना ही विद्या लिहून ठेवण्याविषयीं सुचविलें, तेव्हां ते म्हणाले, "लिहीन, पण वाचणाऱ्याकडं असलं इंजिन पाहिजे ना!"

गाडी चालूं लागली आणि तिनें मला कांहीं संवयी लावल्या. पेट्रोलची टांकी चालकाच्या बैठकीखालीं आहे. म्हणून पंपावर मालकाला आसन सोडून उठावें लागतें. पेट्रोलच्या किमतीला एवढा मान देणारी दुसरी गाडी मीं पाहिलेली नाहीं. पुढचा दिवा सोडवून उलटा फिरविला कीं त्याचा उजेड इंजिनावर पडतो. ही योजना करणारा गृहस्थ कधीं तरी रात्रीं आडरस्त्यावर अडकला असावा. स्टेअरिंग डावीकडे आहे, तेव्हां पुढल्या ट्रकला मागें टाकावयाचें असल्यास समोरचा रस्ता मला दिसत नाहीं. तो उजवीकडे बसलेल्या माझ्या पत्नीला दिसतो. ती "चला" म्हणाली कीं जावयाचें. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत जें तत्त्व मला व्याख्यानांनीं पटलें नसतें, तें या गाडीनें घाटांतल्या एका वळणावर पटविलें.

रंगाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता, आणि त्यांत कायद्यानें रंगत आणली. २०२१ सालच्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं नोंदणीचे वेगळे नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात. आणि प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन वा दुरुस्ती एवढ्यासाठींच ती रस्त्यावर आणतां येते. अट अशी कीं वाहन मूळ रूपांत असावें. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. आतां १९८९ सालचे केंद्रीय मोटार वाहन नियम उघडावे. त्यांतला १२१ वा नियम सांगतो कीं संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कोणतीही मोटार ऑलिव्ह-हिरव्या रंगानें रंगवूं नये. म्हणजे एक नियम म्हणतो, मुळाप्रमाणें राहा. आणि दुसरा म्हणतो, मुळाचा रंग लावाल तर खबरदार. माझ्या वकील मित्रानें यांतून वाट काढून दिली. अमेरिकनांचा तो रंग हिरव्यापेक्षां तपकिरीकडे झुकतो, असा युक्तिवाद करतां येईल, असें त्याचें मत पडलें. युक्तिवाद चांगला होता. पण तोंपर्यंत माझ्या मनांत वेगळीच अडचण उभी राहिली होती.

दरवर्षीं जून महिन्यांत फ्रान्समध्यें नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अशा शेंकडों जीप जमतात. १९४४ सालच्या ६ जूनला त्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यानें तिथल्या गांवांची सुटका केली. म्हणून बॉनेटवरची चांदणी तेथें सुटकेची खूण आहे, आणि म्हातारीं माणसें तिला पाहून डोळे पुसतात. आपल्या देशांत ती चांदणी आली तेव्हां आपण कोणाचे होतों? युद्धअखेर हिंदी सैन्यांत २५ लाखांच्या आसपास माणसें होतीं, आणि तीं स्वतःच्या स्वातंत्र्याचें वचन हातीं न पडतां लढत होतीं. आसामांतील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत १०७९ मैलांचा रस्ता डोंगर फोडून करण्यांत आला. १२ जानेवारी १९४५ रोजीं निघालेला पहिला काफिला ४ फेब्रुवारीस तेथें पोंचला. ब्रह्मदेशांत रेल्वेचीं इंजिनें निकामी झालीं होतीं, तेथें जीपला लोखंडी चाकें बसवून तिच्याकडून रुळांवरचे डबे ओढून घेतले. हा पराक्रम खराच आहे. पण त्याच पूर्व सीमेमागें, १९४३ सालीं, बंगालमध्यें लक्षावधि माणसें भुकेनें मेलीं, हेंही तितकेंच खरें. वाहनें होतीं, रस्ते होते, आणि तरीही धान्य त्या माणसांपर्यंत पोंचलें नाहीं. ज्या चांदणीखालीं एका देशांत सुटका आली तिच्याच काळांत दुसऱ्या देशांत हें घडलें. मग परदेशी छंदिष्टांच्या चित्रावरून ती चांदणी मीं जशीच्या तशी उतरवून घ्यावी काय?

याच विचारांत असतां, आमच्या गल्लीच्या टोंकाला राहणाऱ्या आजी एका संध्याकाळीं काठी टेंकीत जीप पाहावयास आल्या. त्यांचें वय तेव्हां नव्वदीच्या पुढें होतें. त्यांचे यजमान मराठा पलटणींतून इटलीच्या लढाईवर गेले होते आणि परत आले. थोरले दीर त्यांच्याबरोबर गेले होते, ते आले नाहींत. "असल्या गाडीचं सांगायचे हे," असें म्हणून त्यांनीं बॉनेटवर हात ठेवला. थोडा वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "भाऊ, ही माणसं न्यायची, का आणायची?"

मीं सांगूं शकलों असतों कीं जीपवर स्ट्रेचर बांधून जखमी माणसें मागें आणीत असत; तें खरेंच आहे. पण तिच्यावर मशीनगनही बसवीत असत, आणि आणण्यापूर्वीं तीच त्यांना पुढें नेत असे. "दोन्ही, आजी," असें मी म्हणालों. त्यांनीं मान हलविली. त्यांना तें ठाऊक होतें.

माझा निर्णय त्या उत्तरानें झाला. या गाडीचें युद्धाचें आयुष्य एक-दोन वर्षांचें, आणि शांततेचें त्याच्या कित्येक पटींनीं मोठें. तिनें माणसें नेलीं आणि आणलीं, हें पहिल्या आयुष्याविषयीं म्हणावें लागेल. पण दुसऱ्या आयुष्यांत तिनें नेलेलें जवळजवळ प्रत्येक माणूस संध्याकाळीं घरीं परत आणलें. या दोहोंतलें कोणतें आयुष्य वर छापावें आणि कोणतें टीपेंत घालावें? मीं गाडीला बाहेरून तो भिंतीचा निळा रंग दिला. बॉनेटवरची चांदणी जेथें उघडी पडली होती तेथें ती तशीच ठेविली आहे. तुटलेलीं दोन टोंकें भरून काढलेलीं नाहींत, आणि राहिलेलीं तीन झांकलेलीं नाहींत. डाव्या बाजूच्या आंतल्या पत्र्यावर वितीएवढी एक पट्टी आहे. तेथें लष्करी, तांबडा, निळा, पिवळा आणि पांढरा हे पांचही थर क्रमानें उघडे ठेवून त्यांवर वार्निशचा हात दिला आहे. ते माझे पाठभेद. इंजिन, चासी आणि सांगाडा मात्र मुळाबरहुकूम आहेत, कारण मूळ रूपाची जी अट कायदा घालतो ती त्यांनाच लागू पडते, आणि मलाही ती त्यांच्यापुरतीच मान्य आहे.

या छंदांतले कांहीं शुद्धिवादी मित्र माझ्यावर नाराज आहेत. एकानें माझ्या जीपला 'अर्धी जीप' म्हटलें. दुसऱ्यानें तिचा फोटो मेळाव्याच्या चित्रांतून गाळला. त्यांच्या तक्रारींत तथ्य आहे, हें मी जाणतों. जिच्याकडे पाहून १९४४ साल कळेल अशी एक तरी गाडी असावी, हें त्यांचें म्हणणें योग्यच आहे. तशा गाड्या त्यांनीं आपल्या घामानें उभ्या केल्या आहेत आणि मी त्या आदरानें पाहतों. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयांत तर ज्यांचें दुसरें आयुष्य झालेंच नाहीं अशीं यंत्रें ओळीनें उभीं आहेत; त्यांना एकच काळ माहीत आहे आणि त्यांच्यावर तोच रंग शोभतो. पण जिला दोन जन्म मिळाले तिच्या दुसऱ्या जन्माला खरवडून टाकण्याचा अधिकार, निव्वळ पैसे मोजले म्हणून, मला मिळाला असें मला वाटत नाहीं. आपल्या देवळांचे जीर्णोद्धार करतांना आपण हेंच करीत आलों आहों. कोणी दगडावर ऑइलपेंट फांसतो, तर कोणी तो काढतांना दगडाची कातडीही सोलून काढतो. दोघेही भक्तच असतात.

आणि मालकी तरी कसली? चिंचेखालचा शेतकरी, त्याचे वडील, प्रचाराचा उमेदवार, आणि त्याआधींचा कोणी ओहायोकडून आलेल्या पेट्या फोडून गाडी जोडणारा शिपाई, या सर्वांनीं ती कांहीं काळ राखली, तशी मीही राखतों आहें. माझ्यामागें ती ज्याच्या हातीं जाईल त्यानें तिला हवा तो रंग द्यावा. पोलादाच्या त्या पट्टीवर सहाव्या थराला जागा आहे. मात्र त्यानें खालचे पांच पुसूं नयेत, आणि तिच्यांत माणसें बसवील तेव्हां त्यांना घरीं परत आणून सोडावें, एवढीच माझी इच्छा आहे.